गुळाने मरतो त्याला विष कशाला?

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस असते. सवत्स गाईची पूजा होते आणि दिवाळीचा पहिला दिवा लागतो. त्याच दिवशी ठाणे-पालघरच्या डोंगरांतल्या पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघर फिरून तांदूळ मागतात, अन्न शिजवतात आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. आपण गाईला हात जोडतो, ती माणसे वाघाला जोडतात. दोघांची काळजी एकच, की गोठ्यातली गुरे वर्षभर सुखरूप राहावीत. मला तर त्यांची रीत अधिक व्यवहारी वाटते. गाय काही गाईला खात नाही!

मागे एका वाघबारसेला मी थोरल्या बहिणीकडे कामणला होते. कामण हे वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत वसलेले गाव. वर कामणदुर्ग, एका अंगाला तुंगारेश्वराचे रान. पोरे तांदूळ घेऊन गेली आणि आम्ही फराळाला बसलो. बोलता बोलता भावोजी म्हणाले, "तू काही म्हण, पण या जंगलातल्या लोकांना हाताळावे इंग्रजांनीच. खानदेशात भिल्ल केवढे उसळले होते! फौजा थकल्या. मग त्या आउट्रमसाहेबाने मायेने त्यांना माणसाळवले. आपल्या लोकांना ते कधी साधले नाही."

भावोजींची सारी हयात महसुलाच्या नोकरीत गेली. माणूस सज्जन, लाचेच्या पैशाला कधी न शिवलेला. भरल्या ताटावरून वाद घालू नये म्हणून मी गप्प बसले. पण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आपल्या पुष्कळ सुशिक्षित घरांत ते वडिलोपार्जित भांड्यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कुणी घासून पाहत नाही, कुणी टाकूनही देत नाही. म्हणून हा लेख.

माझे पहिले भांडण त्या क्रियापदाशी आहे. 'माणसाळणे' हा शब्द आपण हरणाच्या पाडसाला लावतो, पोपटाला लावतो, रानमांजराला लावतो. माणसाने माणसाला माणसाळवले असे म्हणताना आपण काय कबूल करतो, याचा विचार करावा. आपण आधीच ठरवून टाकतो की एक बाजू माणसांची होती आणि दुसरी जनावरांची. एकदा एवढे ठरले की मग उरतो तो फक्त चाबूक बरा की चारा बरा हा वाद. नेमका हाच वाद कंपनी सरकारचे अधिकारी १८१८ पासून सात वर्षे घालत होते, आणि आपण अजून त्यांच्या वतीने तो घालतो आहोत.

कंपनी सरकार खानदेशात पोचले कसे, याचे उत्तर कामणच्या माणसाला फार दूर शोधायला नको. डोंगराच्या पश्चिमेला खाडी आहे आणि खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी अप्पांच्या पुतण्याच्या मुलाने, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने, होळकरांच्या भीतीपोटी इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तेथून १८१८ पर्यंतची वाट उताराचीच होती. पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या पदरात पडला. त्या मुलुखाबरोबर सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्लही पदरात पडले. त्यांना मात्र कुणी काही विचारले नव्हते.

हे भिल्ल म्हणजे कोणी दरोडेखोरांची टोळी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांची एक घडी बसलेली होती. भिल्ल नाईक घाट राखत आणि वाटसरूंकडून त्याचा कर घेत. गावात भिल्ल जागल्या असे. चोरी झाली तर माग काढणे त्याचे काम, आणि खळ्यावर धान्याची रास पडली की त्यातला ठरलेला वाटा त्याचा. हा वाटा म्हणजे भीक नव्हे. पाटलाला पाटीलकीचा मान, जोशाला जोशीपणाचा, तसा जागल्याला जागलेपणाचा हक्क. तो 'हक्क' या शब्दानेच ओळखला जाई.

ही घडी मोडली ती भिल्लांनी मोडली नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडली. जिथे खळेच उरले नाही तिथे जागल्याच्या ओंजळीत धान्य कोण घालणार? भिल्ल डोंगरात शिरले आणि मैदानावर धाडी घालू लागले. त्या धाडींत कुणब्याचे बैल गेले, घरे जळली, माणसेही मेली. हे मी लपवत नाही. कुणब्याचे दुःख खोटे आणि भिल्लाचे तेवढे खरे, असे म्हणण्यात शहाणपण नाही.

यावर आपल्या राज्यकर्त्यांनी काय केले? पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ मध्ये समेटाच्या मिषाने भिल्लांना कोपरगावला जमवले, घेरले, त्यांची कत्तल केली आणि प्रेते विहिरींत लोटली. ज्यांना इंग्रजांचा दुष्टपणा सांगताना आवेश चढतो त्यांनी ही विहीर विसरू नये. वचन देऊन बोलावलेल्या माणसाला मारणे हे कोणत्याही धर्मात बसत नाही. पुढे खानदेशातला भिल्ल सरकारी माणसाच्या शब्दावर का विश्वास ठेवीना, याचे कोडे पडलेल्या साहेबांना ते उत्तर कोपरगावात सापडले असते.

तरीही भावोजींचे "आपल्या लोकांना साधले नाही" हे म्हणणे अर्धेच खरे आहे. महादेव कोळ्यांचा जावजी बांबळे पेशव्यांविरुद्ध बाहेर पडला, अनेक वर्षे हाती लागला नाही, तेव्हा तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याला माफी मिळाली आणि साठ गावांचा बंदोबस्त त्याच्याच हाती दिला गेला. १७८९ मध्ये तो मेला तो मानाने. म्हणजे कत्तल आणि कुरवाळणे या दोन्ही युक्त्या इंग्रजांच्या आधी आपल्याकडे चालत होत्या. इंग्रजांनी त्यांना दप्तराचे रूप दिले, इतकेच.

आता त्यांच्या वादाकडे वळू. खानदेशाचा पहिला इंग्रज कारभारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. हाच पुढे फिरिश्त्याच्या इतिहासाचा अनुवादक म्हणून नावाजला. त्याच्या डोक्यावर दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. ब्रिग्जने घाटांच्या तोंडाशी ठाणी बसवली आणि डोंगरात जाणारे धान्य तोडले. शरण येईल त्याला माफी आणि तनखा, न येईल त्याच्यामागे फौज, असा तो खाक्या. १८१९ मध्ये सातमाळ्यातला चील नाईक पकडला गेला आणि फासावर गेला. पण एक नाईक गेला की दुसरा उभा राही. डोंगरातल्या तापाने शिपाई आजारी पडत, आणि दरसाल त्याच वाटेने त्याच फौजा चढत. १८२५ मध्ये पुन्हा मोठा उठाव झाला, तोही साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे फिरवून. छत्रपतींच्या नावाने भिल्ल उठतात, यातच त्यांच्या लेखी कंपनी हा धनी नव्हता हे दिसते. पण या गोष्टीचा अर्थ लावण्यापेक्षा ती पत्रे खोटी आहेत हे सिद्ध करणे साहेबांना सोपे होते.

तेव्हा एल्फिन्स्टनने डाव बदलला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. एजंटांनी भिल्लांना जमिनी द्याव्यात, बैल-बियाण्यासाठी तगाई द्यावी, त्यांचे तंटे सोडवावेत. शिवाय भिल्लांचीच एक पलटण उभी करावी. ही पलटण लेफ्टनंट जेम्स आउट्रमने उभारली. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस. तो पहाऱ्याशिवाय भिल्लांत राहिला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या, आणि आरंभी कसेबसे पाच जण त्याच्याकडे भरती झाले. पुढे धरणगावला त्या पलटणीचे मोठे ठाणे झाले. आउट्रमची निर्भयता खोटी नव्हती. फासापेक्षा तगाई बरी, यातही शंका नाही. ज्याच्या मानेचा फास चुकला त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एल्फिन्स्टनला बाळाजी लक्ष्मणाच्या पंगतीला बसवण्याची माझी इच्छा नाही.

मग माझी तक्रार काय? पहिली तक्रार अशी, की या सबंध वादात भिल्ल हा विषय आहे, पक्ष नाही. साहेबाचा वाद साहेबाशी चालला आहे. एक म्हणतो फौज, दुसरा म्हणतो तनखा. एक म्हणतो खर्च फार होतो, दुसरा म्हणतो कमी खर्चात होईल. सरकारला डोंगरावर राज्य करण्याचा अधिकार कुठून आला, हा प्रश्न कुणाच्याच खलित्यात येत नाही. 'कसे हाताळावे' हा प्रश्न विचारणाऱ्याने 'हाताळण्याचा अधिकार माझा' हे न बोलता गृहीत धरलेले असते.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. खळ्यावरचे धान्य आणि घाटावरचा कर हा भिल्लाचा हक्क होता. तो बुडाला तेव्हा न्यायाचा मार्ग सरळ होता. हक्क हक्क म्हणून परत करायचा. सरकारने जुन्या नेमणुका चालू केल्या खऱ्या, पण त्यांचा बापच बदलला. जे गावाच्या राशीतून रीतीने मिळत होते ते आता खजिन्यातून कृपेने मिळू लागले. हक्काचा तनखा झाला आणि तनख्याची चांगल्या वर्तणुकीची बिदागी झाली. धान्य तेवढेच असेल, कदाचित पसाभर अधिकही असेल. पण हक्क मागायला ताठ मानेने जाता येते आणि कृपा मागायला कमरेत वाकावे लागते. शिवाय हक्क कुणी बुडवला तर दाद मागता येते, कृपा थांबली तर कुणाकडे जायचे?

याचे उत्तर सत्तावनने दिले. अहमदनगर-नाशिकच्या मुलुखातला भिल्लांचा पुढारी भागोजी नाईक हा आधी सरकारच्याच पोलिसांत होता. १८५५ मध्ये त्याला शिक्षा झाली, आणि सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूरशिंगोट्याच्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. सेंधव्याच्या घाटावर तेच झाले. घाट राखण्यासाठी सरकारनेच नेमलेल्या खाज्या नाईकाने नोव्हेंबर १८५७ मध्ये सात लाखांचा खजिना लुटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजी फौजेशी लढाई दिली. तीस वर्षे गूळ चारून माणसाळवलेली माणसे ही अशी निघाली! भावोजी म्हणतील, कृतघ्न. मी म्हणेन, त्यांना ऋण आणि देणे यांतला फरक कळत होता.

तिसरी तक्रार गुळाच्या किमतीची. आउट्रमने उभारलेली पलटण १८३० मध्ये कुणावर चालून गेली? डांगच्या भिल्ल राजांवर. आणि डांग जिंकल्यावर तिथे काय होते? सागवान. १८४२ मध्ये त्या राजांकडून डांगचे रान सरकारने पट्ट्याने घेतले आणि राजांना सालीना ठराव बांधून दिला. होळीच्या सुमारास आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात त्यांचे वंशज आजही तनखा घेतात. लोक तो सोहळा पाहायला जातात. एकेकाळी ज्यांचे रान होते त्यांना त्याच रानाच्या उत्पन्नातला तुकडा समारंभाने मिळतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

ही शाळा फार उपयोगी ठरली. खानदेशातल्या तीन एजंटांपैकी ओव्हान्स पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराज गादीवरून गेले ते त्याच्या कारकिर्दीत. आणि आउट्रम? १८५६ मध्ये वाजिद अली शहापुढे राज्य खालसा करण्याचा कागद ठेवणारा लखनौचा रेसिडेंट तोच. मायेचा हात डोक्यावरून फिरत फिरत गादीपर्यंत कसा पोचतो, हे या दोघांच्या चरित्रात वाचावे. गुळाने मरतो त्याला विष कशाला द्यावे, ही म्हण आपल्या आज्यांना ठाऊक होती. आपण मात्र गूळ देणाऱ्याची तेवढी स्तुती करायला शिकलो.

ज्याच्यावर गूळ चालत नसे त्याच्यासाठी दोर होताच. कामणपासून ठाणे काही लांब नाही. त्या ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे फाशी गेला. सावकारांच्या वह्यांखाली चिरडलेल्या महादेव कोळ्यांचा तो पुढारी. आणि त्यानंतर दहाच वर्षांत सरकारने कॅप्टन नटॉलच्या हाताखाली त्याच कोळ्यांची पलटण उभारली, ती सत्तावनच्या बंडाळीत बंदोबस्ताला वापरली, आणि गरज सरताच १८६१ मध्ये मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

कुणी म्हणेल, ही जुनी मढी कशाला उकरता? मढी जुनी असती तर उकरली नसती. कामणच्या उत्तरेला, याच जिल्ह्याच्या डोंगरांत, १९४५ मध्ये वारली उठले. त्यांच्यावर वेठ होती, लग्नाच्या कर्जापायी जन्माची गुलामी होती. हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ते सारे लिहून ठेवले होते. अहवाल कपाटात राहिला आणि वारली वेठीला जात राहिले. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत त्यांनी वेठ नाकारली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. पुढची मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापण्याची मजुरी अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. त्यांत जेठ्या गांगड होता. अडीच रुपयांची मागणी 'बंड' ठरली, कारण मागणाऱ्याने ती हक्काच्या आवाजात केली होती. त्याच वारल्याने हात जोडून चार आणे वाढवून मागितले असते तर जमीनदाराने दिवाळीची पोस्त म्हणून एखादे वेळी दिलेही असते.

येथे मी पुन्हा भावोजींकडे येते. त्या दिवशी फराळ करताना ते अभिमानाने आणखी एक वाक्य बोलले होते. "आमच्या वेळी आम्ही पट्टे वाटले. लोकांनी दुवा दिला." जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना कागद मिळावा म्हणून त्यांनी पायपीट केली, हे खरे आहे. पण 'वाटले'? २००६ मध्ये संसदेने वनहक्कांचा कायदा केला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे. आणि कायद्याच्या नावात जो शब्द आहे तो 'मान्यता'. वनहक्कांची मान्यता. म्हणजे हक्क आधीपासून होता, सरकारने तो फक्त मान्य करायचा. मग मांडव घालून, हार घालून, पुढाऱ्याच्या हस्ते 'पट्टेवाटप' होते ते कशाचे? दुसऱ्याचे पागोटे त्याच्याच डोक्यावर ठेवून बक्षीस दिल्याचा आव आणायचा, यातला प्रकार तो. कायदा हक्क म्हणतो आणि आमचे तोंड वाटप म्हणते. शब्द एवढासा, पण दोनशे वर्षांपूर्वीचा खजिन्याचा तनखा त्यात सबंध बसलेला आहे.

मग करावे काय, असे भावोजी नक्की विचारतील. मैदानातल्या माणसाने डोंगरातल्या माणसाला कसे हाताळावे हा प्रश्नच टाकून द्यावा, हे माझे उत्तर. त्याच्या जागी दुसरा प्रश्न घ्यावा. आपल्याकडे त्याचे काय काय आहे, आणि ते कधी परत करायचे? पहिल्या प्रश्नाला हुशार अधिकारी लागतात, दुसऱ्याला प्रामाणिक हिशेब पुरतो. आणि हिशेब ठेवण्यात भावोजींसारखी माणसे कोणत्याही साहेबाला हार जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. फक्त त्यांनी जमेची बाजू आणि देण्याची बाजू अदलाबदल करू नये.

त्या वाघबारसेची एक गोष्ट सांगायची राहिली. पोरे दारात आली तेव्हा भावोजी आतून ओरडले होते, "अगं, त्यांना काहीतरी देऊन टाक आणि पाठव." बहीण सूपभर तांदूळ घेऊन बाहेर गेली. परत येताना पुटपुटली, "देऊन कसली टाकते! बारस त्यांची, वाघ त्यांचा. आपली गुरे राखतात वर्षभर, त्यांचे त्यांना नको का पोचायला?"

बहीण चौथीपर्यंत शिकली. एल्फिन्स्टनचे नाव तिने ऐकलेले नाही.